शुक्रवारची बरणी

१२ जाने., सोमवार

खोकं आलं. परदेशातल्या कुणी दानशूर बाईंनी आमच्या बालवाडीला अख्खा हिवाळा पाठवलाय. कापसाचा बर्फ, पुठ्ठ्याचा हिममानव, लोकरी हातमोज्यांचे नऊ जोड. सकाळी येरवड्याहून स्कूटीवर कॅम्पात येताना बोटं गारठली होती हे खरं, पण अकरा वाजता अंगणात पोरं घामाघूम. हिममानवाचं गाजराचं नाक जोएलने चावून पाहिलं. "पुठ्ठाय," म्हणाला. मिरियमने (वय पावणेपाच, प्रश्न पंचावन्न) हातमोजे घातले, काढले, घडी करून परत दिले.

"टीचर, हा हिवाळा कुणाचा आहे?"

खोकं माळ्यावर टाकलं. आपला हिवाळा आपणच शोधायचा.

१३ जाने., मंगळ.

सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचून दाखवणारे अब्राहमकाका चहाला आले. सहा वर्षांचा नेम. ते तोरातली पुढची गोष्ट मराठीत सांगतात, मी त्यातून मुलांनी हाताने करण्यासारखं काही शोधते. तोरा त्यांची, गोंद-कात्री माझी. सिनेगॉगच्या आवारातल्या बालवाडीत येरवड्याची बौद्ध बाई काय शिकवणार, असं पहिल्या वर्षी दोन पालकांनी विचारलं होतं. काकाच म्हणाले होते, "तिला काही माहीत नाही हेच बरंय. ती विचारते तरी. आपण विचारायचं सोडून पन्नास वर्षं झाली."

आजची गोष्ट महिनाअखेरीची, ३१ तारखेच्या शनिवारी सिनेगॉगमध्ये वाचतील ती. मला तयारीला वेळ लागतो म्हणून आधी सांगितली. गुलामीतून सुटलेले लोक वाळवंटात उपाशी. पहाटे तंबूंभोवती दंव पडलेलं. ते उडून गेलं की खाली जमिनीवर काहीतरी बारीक, गोल. धण्याएवढं, पांढरं. लोकांनी एकमेकांना विचारलं, हे काय? म्हणून त्याचं नावच पडलं मान्ना. म्हणजे 'हे काय?' पुढे चाळीस वर्षं तेच खाल्लं.

मी म्हटलं, "काका, म्हणजे चाळीस वर्षं सगळ्यांनी प्रश्नच खाल्ला?"

हसले. चहात बिस्कीट पडलं ते तसंच राहिलं.

मला माझा हिवाळा मिळाला. दंव!

१५ जाने., गुरु.

स्टीलच्या पेल्यात बर्फ घातला. पेला बाहेरून ओला. जोएल: पेला गळतोय. मिरियम: गळत नाही, घाम आलाय. पुसला, परत ओला. मग बोटाने बाहेरचं पाणी चाखलं, आत सरबत घालून पुन्हा चाखलं. बाहेरचं गोड नाही! म्हणजे आतलं नाही. मग कुठलं? अर्धा तास कुणी डबा मागितला नाही.

नंतर अंगणात स्वच्छ चादर, त्यावर साळीच्या लाह्या पसरल्या. प्रत्येकाने एकच वाटी गोळा करायची, जास्त नाही. शेरनने खिसे भरले. काका चादरीच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले.

मिरियम घरून कागदात धणे घेऊन आली होती. "हे पांढरे नाहीत."

काका: "अगं, आकार धण्याचा. रंग पांढरा."

"मग साबुदाण्यासारखं म्हणायचं."

"तेव्हा साबुदाणा नव्हता."

"मग उपासाला काय खायचे?"

काका माझ्याकडे बघायला लागले. पुण्यात वाढलेलं मूल आहे, मी काय करू?

१९ जाने., सोम.

गोष्टीचा पुढचा भाग. रोजचं रोज गोळा करायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. ठेवलं तर किडे पडतात, वास येतो. फक्त शुक्रवारी दुप्पट आणायचं, कारण शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी काम नाही. आणि शुक्रवारचं ठेवलं तर खराब होत नाही.

मिरियम: "करून बघू."

मी फळ्याकडे वळले, म्हणजे चेहरा दिसायला नको. सहा वर्षं मीच त्यांना हे दोन शब्द शिकवलेत. आता नाही कसं म्हणू?

मधल्या सुट्टीत रिबेकाबाईंना सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणून त्यांना सांगायलाच हवं. म्हणाल्या, "पाव तो पाव. बुरशी येणारच. मग ती पोर घरी जाऊन आजीला सांगणार, शब्बाथचं खोटं असतं. तुम्ही येता का माझ्याबरोबर आजीकडे?" शेवटी हो म्हणाल्या. पाव त्याच घरी भाजतात, तोच देणार म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही बघायचंय.

काका नुसते म्हणाले, "अगं प्रज्ञा, देव तुझ्या बालवाडीत अ‍ॅडमिशनला आलाय का?"

"आला तर फॉर्म देईन, काका."

"दे. जन्मतारखेचं कसं करतो बघू."

घरी आण्णांना सांगितलं. टपालखात्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, रोज विहारात जातात. लहानपणापासून त्यांचं एकच: "तू स्वतः पाहिलंस का?" शाळेत कुणी पेन चोरलं, शेजारणीचं भांडण, कशावरही हेच. आज म्हणाले, "मुलगी हुशार आहे." एवढंच. माझ्याबद्दल असं कधी म्हणाल्याचं आठवत नाही.

२० जाने., मंगळ.

बरणी पहिली. पावाचा तुकडा, वर चार थेंब पाणी, झाकण. चिठ्ठीवर 'मंगळवार' मी लिहिलं, मिरियमने शेजारी मंगळवारचा चेहरा काढला. (रागीट आहे.) मुंग्या आणि जोएल या दोन कारणांसाठी बरणी कपाटात, कुलूप. शनिवार-रविवार कपाटाची किल्ली नेहमीसारखी काकांकडे, ते आवारातच राहतात.

ठरलं: सात दिवसांनी उघडायची. दुसरीही सात.

२३ जाने., शुक्र.

शुक्रवारची आमची नेहमीची गडबड. मेणबत्त्या, मनुकांचं सरबत. काका आशीर्वाद म्हणाले, पाव मोडला, मिठात बुडवून एकेकाच्या हातावर ठेवला. मुलं मीठच जास्त घेतात. माझ्या ओढणीला मीठ, केसांत मीठ. जोएल दोनदा रांगेत.

मिरियमने स्वतःचा तुकडा खाल्ला नाही, बरणीत टाकला. चार थेंब पाणी, झाकण. या चिठ्ठीवर शुक्रवारचा चेहरा. हसरा, पापण्यांसकट.

पुढच्या शुक्रवारी उघडू तेव्हा हिरवा पाव बघून ही पोर माझ्याकडे बघणार. "पृथ्वी गोल आहे" असं मी सांगितलं तेव्हा बघत होती तशी. खोटं बोलता येणार नाही आणि खरं काय ते काकांच्या तोंडावर सांगता येणार नाही. एकदा वाटलं, बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. मग माझी मलाच लाज वाटली.

२७ जाने., मंगळ.

'मंगळवार' उघडली. हिरवी, काळी, एका बाजूला पांढरी लव. वासही मस्त घाण. मुलं वेडी झाली. भिंगातून बघायला रांग. शेरन उलटी करते म्हणाली, मग परत रांगेत. "किडे कुठायत?" बुरशी म्हणजे काय ते सांगितलं. काका भिंगातून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "सुंदर आहे गं. इतकी वर्षं फेकूनच देत होतो."

काल सव्वीस जानेवारी, झेंडावंदनाला सगळे आले होते. मिरियम कपाटाला कान लावून उभी. "शुक्रवार शांत आहे," म्हणाली.

३० जाने., शुक्र.

उघडली.

काही नाही. कोरडा, थोडा आक्रसलेला, पण स्वच्छ. एक ठिपका नाही. मी तीनदा भिंगातून पाहिलं. मुलांनी अंगणात नाच केला. रिबेकाबाईंच्या डोळ्यांत पाणी. मिरियम नाचली नाही. हात मागे बांधून बरणीसमोर उभी, मी बुरशीसमोर उभी राहते तशी. मग म्हणाली, "म्हणजे खरंय."

काका हसत होते. मला ते हसू नको होतं, काय सांगू.

मुलं गेल्यावर त्यांच्यासमोर चहा ठेवला. मनात सकाळपासून तेच घोळत होतं. मागच्या शनिवारी-रविवारी किल्ली कुणाकडे? मुलांचा विश्वास मोडू नये म्हणून एखादा प्रेमळ म्हातारा काय करेल? मी असते तर केलं असतं का? मी तर फ्रिजपर्यंत पोचलेच होते.

विचारलं. "काका, तुकडा बदललात का तुम्ही?"

कप बशीत ठेवला. आवाज न करता.

"अहो टीचर, उद्या मला लोकांसमोर हीच गोष्ट वाचायचीय."

अहो. टीचर. सहा वर्षांत पहिल्यांदा. उठले, काठी घेतली, गेले. चहा अर्धा राहिला.

३१ जाने., शनि.

सुट्टी. आत्ता दहा वाजता ते तिथे वाचत असतील. दंव, धणे, हे काय.

आण्णांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, माझी बाजू घेतील.

"बदलताना पाहिलंस का तू?"

"नाही."

"मग?"

पेपर उघडला आणि वाचत बसले. मी भांडी दोनदा घासली.

२ फेब्रु., सोम.

आज झाडांचा सण. आमच्या बालवाडीत मलिदा असतो या दिवशी: पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, पैगंबर एलियाहूच्या नावाने. मुलांनी कुंडीत धणे पेरले. आधी लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या, नाहीतर उगवायला जन्म जातो. मिरियमने प्रत्येक फाकीला विचारलं म्हणे, "हे काय?"

काका वर्गात आले नाहीत. मलिद्याचं ताट सगळ्यांना देत देत माझ्यापाशी आले. "घ्या, टीचर." घेतला. एक घास खाऊन बाजूला ठेवला. पोहे नीट भिजले होते, त्यांचा दोष नाही.

चार वाजता रिबेकाबाईंनी विचारलं, "काकांचं काय बिनसलंय?" मी म्हटलं, माझंच बिनसलंय.

३ फेब्रु., मंगळ.

लिहून ठेवते.

बरण्या धुवायला काढल्या. शुक्रवारचा तुकडा फेकायचा म्हणून ताटलीत काढला, तो मिरियम आली. तिने भिंग लावलं.

"टीचर, मान्ना!"

कवचाच्या कडेला बारीक पांढरे कण. गोल नाहीत, चौकोनी. दंवासारखे चमकणारे. मी म्हटलं, हे काय? अगदी तसंच निघालं तोंडातून. बोटाने एक उचलला, जिभेला लावला.

मीठ.

मंगळवारचा तुकडा नुसता. शुक्रवारचा मिठात बुडवलेला, वर मिरियमने आणखी मीठ घेतलेलं, म्हणजे मिठागरच. मीठ लावलं की बुरशी धरत नाही. लोणचं, पापड, खारे मासे. आई दर उन्हाळ्यात हेच करायची. दोन बरण्यांत फरक एकच हवा, हा बालवाडीतला पहिला नियम. मी मुलांना शिकवते, आणि दोन फरक ठेवून बसले. इथे दर शुक्रवारी पाव मिठात बुडवतात. सहा वर्षं माझ्या केसांतून मीठ निघतंय आणि मला ते दिसलं नाही.

म्हणजे तुकडा तोच होता. पहिल्या दिवसापासून तोच.

मिरियमला सांगितलं, मीठ होतं गं. ती म्हणाली, "पण मीठ शब्बाथनेच लावलं ना?"

मी बरण्या धुवायला घेतल्या.

४ फेब्रु., बुध.

काकांकडे गेले. आवाराच्या मागची दोन खोल्यांची जागा, दारात तुळशीसारखी कुंडी, त्यात सब्जा. दार उघडून म्हणाले, "या, बसा."

मी उभीच राहिले. म्हटलं, "चुकले काका. तुकडा तोच होता. मीठ होतं. मी तुमच्यावर नको तो संशय घेतला, आणि तोही न बघता." रडू आलं. आवरलं नाही.

त्यांनी पाणी दिलं. माझ्या रडण्याकडे न बघता मिठाचं सगळं नीट विचारून घेतलं. किती मीठ, पाणी कुठे जातं, बुरशीला काय लागतं. पेल्याच्या घामापासून परत सगळं सांगितलं. मान हलवत होते.

"मग आता काय करणार, टीचर?"

मी म्हटलं, एक बरणी आजच, मीठ लावून. मधल्या वाराची. मीठच असेल तर ती स्वच्छ राहील.

"ते अर्धंच झालं."

मला कळलं होतं. पण मी ते बोलणार नव्हते. सहा वर्षं ज्यांच्या घासातलं खाल्लं त्यांना मी हे सांगणार नव्हते.

तेच म्हणाले. "शुक्रवारचा, बिनमिठाचा. मी मोडीन, मिठात बुडवायच्या आधी तुमच्या हातावर देईन."

"काका, नको. त्याला बुरशी येईल."

"देवाला मिठाची गरज लागते का, हे मला तरी कळू दे. या वयात कळलं तरी चालेल."

मग किल्ली पुढे केली. "आणि ही तुमच्याकडे ठेवा. म्हणजे शंका नको."

घेतली नाही. हात मागे घेतला. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, मी तिथेच सोडून आले. बाहेर येऊन स्कूटी चालू करायला तीन मिनिटं लागली.

६ फेब्रु., शुक्र.

आशीर्वाद झाला. पाव मोडला. मीठ पुढ्यात होतं. त्यांचा हात सवयीने तिकडे गेला, थांबला, वळला. तुकडा माझ्या तळहातावर. मुलं बघत होती. जोएल ओरडला, "काका, मीठ विसरले!"

"विसरलो नाही रे."

बरणीत घातला. चार थेंब. मिरियमला शुक्रवारचा चेहरा काढायला सांगितलं. तिने डोळे काढले, नाक काढलं. तोंड काढलं नाही. "नंतर काढीन," म्हणाली.

किल्ली काकांच्या खुंटीवर. तसं मीच सांगितलं.

१० फेब्रु., मंगळ.

धणे उगवले. दोन-दोन पानं. एका फाकीतून एकच रोप, ते सगळ्यांनी मोजून पाहिलं. शेरनचं आलं नाही. ती रोज उकरून बघते, कसं येईल!

काका वर्गात आले, मागच्या बाकावर बसले. गोष्ट सांगितली नाही, रोपं बघितली. जाताना "येतो, टीचर."

११ फेब्रु., बुध.

मधल्या वाराची मिठाची बरणी उघडली. स्वच्छ.

मुलांना फार काही वाटलं नाही. मिरियमला वाटलं. दोन्ही बरण्यांच्या चिठ्ठ्यांकडे आळीपाळीने बघत होती. एक कोडं सुटलं की चेहरा खुलतो एरवी तिचा. आज खुलला नाही. "मग शुक्रवार?" एवढंच.

"परवा बघू."

काय दिसणार ते मला माहीत आहे. काकांनाही. रिबेकाबाईंनी तर पालकांना काय सांगायचं त्याची तयारीही केली असेल. तरी आज घरी येताना पुलावर मीच मला पकडलं: न येवो, बुरशी न येवो, असं चाललं होतं मनात. मी! आण्णांची मुलगी! आण्णांना सांगितलं तर रागावतील वाटलं. म्हणाले, "काय व्हावंसं वाटतं तेही बघून ठेव. तेही खरंच आहे."

१२ फेब्रु., गुरु.

दुपारी दीडला मुलं गेली. वर्ग आवरला. कपाटासमोर उभी राहिले. उद्या सकाळी सगळ्यांसमोर उघडायची. आतल्या बरणीवर फडकं आहे, नुसतं फडकं बाजूला केलं तरी कळेल. किल्ली मागून आणायला दोन मिनिटं.

मागे काठीचा आवाज. काका.

"पाहिलंस का?"

"नाही. तुम्ही?"

"किल्ली माझ्याकडेच आहे सहा दिवस." खिशातून काढून दाखवली. "नाही."

मी विचारलं, उद्या बुरशी दिसली तर मुलांना काय सांगायचं? मला खरंच माहीत नाही, काका. बुरशी म्हणजे काय ते सांगेन, पण मिरियम पुढचं विचारेल.

"दिसेल ते दाखव. पुढचं मला विचारू देत तिला. मी बसतो ना मागच्या बाकावर. मलाही नवीन आहे हे. बघू काय सुचतं."

"आणि नाही दिसली तर?"

"तर तुला विचारेल. तू बस मागच्या बाकावर."

किल्ली परत खिशात घातली. लहान खुर्चीवर बसले, गुडघे छातीपर्यंत आले. म्हणाले, "अगं, चहा तरी टाक."

टाकला. पूर्ण प्यायले. कपाट बंद होतं.